माईच्या वह्या : एक पगार, दोन चुली

मंडळी, आजची पोस्ट जरा लांबलचक आहे. चहा हातात घेऊन बसलात तर बरं.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही इंदूरचं रामबागेतलं जुनं घर रिकामं केलं. भांडी कुणी नेली, देव कुणी नेले, शिसवी कपाटावरून थोडी कुरबुरही झाली. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती, ती मात्र कुणालाच नको होती. उघडली तर आत लाल कापडाच्या पुठ्ठ्यात शिवलेल्या लांबट वह्या. मोजल्या तर २७ निघाल्या. पहिली १९५१ ची, शेवटची १९७८ ची, मधली १९६७ ची गायब. आमच्या आजीने, म्हणजे माईने, रोज रात्री झाकपाक झाल्यावर लिहिलेला घरखर्च.

प्रत्येक पानावर वर ‘श्री’, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. गहू, तूरडाळ, गूळ, राळ्याचे तांदूळ, घासलेट, भाजी, दळण, देवाला फुलं, न्हावी. जमेच्या बाजूला महिन्यातून एकच ओळ, नानांचा पगार. १९५१ च्या जानेवारीत ती ओळ १२० रुपयांची आहे आणि घरात खाणारी तोंडं आठ. नाना, माई, नानांची आई (तिला सगळे मोठी आई म्हणत), तीन मुलगे आणि दोन मुली.

माईच्या काटकसरीच्या गोष्टी आमच्याकडे लग्नकार्यात सांगायचा रिवाज आहे. “माई म्हणजे कोंड्याचा मांडा करणारी बाई.” हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल. वह्या वाचायला घेतल्या तेव्हा तेच सापडेल असं वाटलं होतं. ते सापडलंच. पण आणखीही काही सापडलं, आणि जे वहीत नव्हतं ते ८३ वर्षांच्या आत्याने सांगितलं. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी थोडी पार्श्वभूमी. नाना होळकर दरबारच्या कचेरीत कारकून होते. २८ मे १९४८ ला इंदूर, ग्वाल्हेर आणि आसपासची संस्थानं मिळून मध्यभारत झालं. नव्या राज्याची राजधानी ठरवताना दोन्ही शहरांचा मान राखायचा म्हणून हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी वाटणी झाली. ग्वाल्हेरकर मंडळींना हे चांगलं ठाऊक असेल. कागदावर ही तडजोड छान दिसते. पण नानांचं खातं हिवाळ्यात ग्वाल्हेरला जायचं, त्यामुळे थंडी आली की आमच्या घराच्या दोन चुली व्हायच्या, एक रामबागेत आणि एक लष्करात कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत. पगार मात्र एकच.

मग आली १ नोव्हेंबर १९५६. ही तारीख आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात शिरलेली आहे. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, हैदराबादचे तुकडे तीन राज्यांत वाटले गेले आणि मध्यभारत मध्यप्रदेशात विरघळला. राजधानी झाली भोपाळ. नानांची बदली भोपाळला झाली आणि दोन चुलींचं जे प्रकरण हिवाळ्यापुरतं होतं ते बारमाही झालं. नव्या राजधानीत राहायला जागा मिळेना, मिळाली ती चार कारकुनांत एक खोली. मुलांच्या शाळा इंदुरात, मोठी आई आजारी, म्हणून घर हललं नाही. नाना १९६३ पर्यंत भोपाळला एकटे राहिले.

इतिहासाच्या पुस्तकात राज्यपुनर्रचना म्हणजे आयोग, नकाशे आणि भाषणं. माईच्या वहीत ती एका नव्या रकान्याच्या रूपात आली आहे. नोव्हेंबर १९५६ पासून उजव्या बाजूला एक जादा उभी रेघ मारली आहे आणि वर लिहिलंय, ‘भोपाळ’.

त्या रकान्यात पैसे कमी आणि जिन्नस जास्त. भाजणी दोन शेर. मेतकूट अर्धा शेर. डाळीचं पीठ. लसणाची चटणी. लिंबाचं लोणचं. भाजलेला रवा. माईचा हिशोब सरळ होता. खानावळीत दोन वेळा जेवलं तर पगाराचा मोठा घास तिथेच जाणार. म्हणून खानावळ एकच वेळ, दुपारची. रात्री नानांनी खोलीवर स्टोव्हवर पिठलं नाहीतर थालीपीठ करायचं, कोरडा शिधा इंदूरहून जाणार. पंधरा दिवसांनी नाना शनिवारी बसने यायचे, रिकामे डबे घेऊन. रविवारी संध्याकाळी भरलेले डबे घेऊन परत. आयुष्यात कधी स्वयंपाकघरात न गेलेले नाना भोपाळला जाऊन थालीपीठ थापायला शिकले. पुढे निवृत्त झाल्यावर घरी मात्र त्यांनी एकदाही थापलं नाही. आत्या म्हणते, “अरे, ते येतं हे त्यांनी शेजाऱ्यांपासून लपवलं होतं.”

आता इंदूरच्या चुलीकडे येऊ. माईचं वर्ष गुढीपाडव्याच्या सुमारास सुरू व्हायचं, कारण तेव्हा माळव्यात नवा गहू यायचा. संयोगितागंजच्या छावणी मंडीतून वर्षाचा गहू एकदम. आठ माणसांना १५ मण, म्हणजे आजच्या हिशोबात साडेपाच क्विंटल. एवढे पैसे एकदम आणायचे कुठून? कचेरीतून धान्यासाठी उचल मिळायची आणि ती पुढे पगारातून हप्त्याहप्त्याने कापली जायची. म्हणजे पावसाळ्यात पगार कमी यायचा, पण कोठी भरलेली असायची. माईला हे पसंत होतं. तिचं म्हणणं असं की गव्हाला पाय नसतात आणि पैशाला असतात.

गहू आला की पंधरा दिवस घर म्हणजे गोदाम. गच्चीवर वाळवणं, निवडणं, एरंडेलाचा हात फिरवणं, वाळलेला कडुनिंबाचा पाला थर देऊन कोठीत घालणं. निवडताना निघालेले तुटके दाणे वेगळे, त्यांचा भरडा. चाळून उरलेला कोंडा वेगळा, तो दूधवाल्याच्या म्हशीला, त्याबदल्यात अधूनमधून वाटीभर खरवस. दळणाला गहू पाठवताना घरी तोलायचा आणि पीठ आलं की पुन्हा तोलायचं. वहीत ‘घट’ म्हणून त्याची वेगळी नोंद आहे. चक्कीवाल्याला माहीत होतं की या घरी तराजू आहे.

त्याच दिवसांत उन्हाळी कामं. कुरडया, पापड, सांडगे, मुगवड्या, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, कैरीच्या फोडी. आपण आज हे सगळं प्रदर्शनात महागात विकत घेतो आणि ‘पारंपरिक चवी’ म्हणून फोटो टाकतो. माईच्या दृष्टीने ती बँक होती. भाजी महाग होण्याच्या दिवसांसाठी, म्हणजे आषाढ-श्रावणासाठी आणि महिनाअखेरीसाठी ठेवलेली.

महिनाअखेर हा शब्द माईच्या वहीत फार महत्त्वाचा आहे. तिने महिन्याचे तीन भाग केले होते. १ ते १० पालेभाजी, फळभाजी, वरणभातावर तूप, रविवारी पोहे. ११ ते २० एक वेळ भाजी, एक वेळ उसळ. २१ पासून पुढे भाजी जवळजवळ बंद. पिठलं, कढी, मुगवड्यांची आमटी, सांडग्यांचा रस्सा, कुळथाचं नाही पण मसुरीचं कळण, फोडणीची पोळी, चिंचगुळाची आमटी. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला एक पाटी टांगलेली असायची. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं जेवण त्यावर लिहिलेलं असे. कुणी “आज काय आहे?” विचारलं तर माई पाटीकडे बोट दाखवायची. तक्रार पाटीकडे करायची.

हे वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या पदार्थांची नावं काढली की आपल्याला घर आठवतं, ते बहुतेक २१ तारखेनंतरचे आहेत. आजीच्या हातचं पिठलं, कढी-खिचडी, फोडणीची पोळी. म्हणजे आपली सगळ्यात प्रेमाची चव ही पगार संपत आल्याची चव आहे.

वाया काही जायचं नाही, हे तर सगळ्यांच्याच घरी होतं. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची चटणी, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, तूप कढवल्यावरची बेरी साखर घालून मुलांना. इंदुरात हिवाळ्यात मटार उतू जातो. माई मटारच्या सालांचा आतला पापुद्रा सोलून त्या सालांची भाजी करायची. दोन-अडीच तास सोलायला, दहा मिनिटं शिजायला. हा वेळ कुठल्याच वहीत नाही. सालं फुकट, असं वहीत दिसतं. माईचे अडीच तासही फुकटच धरलेले आहेत.

किराण्याचा एक नियम तिने कधी मोडला नाही. उधारी नाही. गल्लीतल्या वाण्याकडे बहुतेक घरांची खाती होती, महिन्याला लिहून ठेवायचं आणि पगार झाला की चुकतं करायचं. माई पगाराच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलाला घेऊन सियागंजला चालत जायची आणि घाऊक दुकानातून रोखीने महिन्याचा किराणा आणायची. येताना टांगा. ती म्हणायची, “उधारीवाल्याला भाव विचारता येत नाही.” आणि ते खरंच होतं. ज्याचं खातं थकलेलं आहे त्याला डाळीत खडे निघाले तरी परत करायला तोंड राहत नाही. थोडी डाळ जास्त मिळण्यापेक्षा परत करण्याचा हक्क तिला मोलाचा वाटत असावा.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि ही बाई जणू परीक्षेला बसली. तोवर रुपयाचे १६ आणे. आता रुपयाचे १०० नवे पैसे. म्हणजे एक आणा सव्वासहा पैशांचा, आणि पाव पैसा द्यायचा कसा? सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५. माईने ते कोष्टक वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतलंय आणि खाली लिहिलंय, ‘आण्याआण्याने घेणे.’ मला आधी कळलं नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. चार आण्यांची भाजी एकदम घेतली तर २५ पैसे. तीच चार वेळा आण्याआण्याची घेतली तर २४. दर चार आण्यांमागे एक पैसा! नंदलालपुऱ्यातली भाजीवाली काही कमी नव्हती. पुढच्याच महिन्यात नोंद आहे, ‘मेथीवाली आण्याचे ७ मागते.’ कोष्टक दिल्लीने केलं होतं, पण निकाल मंडीत लागला.

मग शेर जाऊन किलो आला. १९६२ पर्यंत जुनी वजनं दुकानांतून गेली. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, त्यामुळे किलोचा भाव शेरापेक्षा थोडा जास्तच असणार. पण किती जास्त रास्त आणि किती लबाडी, हे कळायला त्रैराशिक मांडावं लागायचं. माई चौथीपर्यंत शिकलेली. १९६१ च्या वहीत मागच्या पानांवर त्रैराशिकंच त्रैराशिकं आहेत. दोन-तीन खोडून पुन्हा केलेली. शेवटी उत्तराभोवती चौकट.

आता १९६५. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, पाकिस्तानशी युद्ध झालं, अमेरिकेच्या गव्हावर देश अवलंबून होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आवाहन केलं की आठवड्यातून एक वेळ, सोमवारी रात्री, जेवण सोडा. घरोघरी लोकांनी ते मनापासून पाळलं. आमच्याकडेही पाळलं. वडील सांगायचे की सोमवारी रात्री चूल पेटायची नाही, मुलं दाणे-गूळ खाऊन झोपायची आणि आपण देशासाठी काहीतरी करतोय म्हणून छाती फुगायची. पुढच्या वर्षीही दुष्काळ पडला. कंट्रोलच्या दुकानात लांबच लांब रांग, आणि तिथे मिळायचा तो तांबूस गहू. पोळी चामड्यासारखी. माळव्याच्या गव्हावर वाढलेल्या माणसांना तो घास गिळणं जड गेलं. माई त्यात घरचा गहू निम्मा मिसळायची आणि पीठ ताकात भिजवायची.

इथेच मला ती नोंद दिसली. ऑक्टोबर १९६५, सोमवार. ‘आजपासून सोमवार रात्र घरात बंद. मला नवे काही नाही.’

मला नवे काही नाही, म्हणजे काय? मी मागे जाऊन पाहिलं. वहीच्या समासात बारीक अक्षरात ‘उ.’ असं जागोजागी लिहिलेलं आहे. इतके दिवस मला ते ‘उधार’ किंवा ‘उरले’ असेल असं वाटत होतं. तो ‘उपास’ होता. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष. आणि तारखा लावून बघितल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. महिन्याच्या सुरुवातीला ‘उ.’ कमी आहेत. २१ नंतर दाट होत जातात. काही तर कुठल्याच तिथीला बसत नाहीत.

आता, उपास म्हणजे काटकसर असं कुणी समजू नये. आपल्याला ठाऊकच आहे, साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप, बटाटे, वऱ्याचे तांदूळ. उपासाचं ताट रोजच्या जेवणापेक्षा महाग पडतं. म्हणून वहीत दोन तऱ्हेचे उपास आहेत. आषाढी, शिवरात्र हे घराचे उपास, त्यांची साबुदाण्यासकट नोंद आहे. आणि ‘उ.’ हे एकट्या माईचे. त्यांच्यासमोर खर्चाच्या रकान्यात काहीच नाही.

मी हे आत्याला फोनवर सांगितलं. मला वाटलं ती हळवी होईल. ती म्हणाली, “तू येऊन भेट मला. फोनवर नाही बोलणार.”

आत्या निवृत्त शिक्षिका आहे, आता लोकमान्य नगरात राहते. वह्या घेऊन गेलो. चष्मा पुसून तिने १९५४ ची वही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘दूध, मुलांना, दीड शेर.’

“वाच,” म्हणाली.

मी वाचलं.

“मुलांना म्हणजे कुणाला?”

“तुम्हा पाच जणांना.”

“मुलांना म्हणजे मुलग्यांना. तुझ्या बाबाला आणि दोघा काकांना. आम्हा बहिणींना चहापुरतं. वहीत लिहायचं म्हणून लिहिलंय ‘मुलांना’, खोटं नाही ते. पण तू वाचलंस तसंही नाही ते.”

मी गप्प. ती पुढे म्हणाली, “आमच्याकडे बुधवारी वार होता. गावाकडचा एक विद्यार्थी जेवायला यायचा. बुधवारी भात असायचाच, आणि त्याच्या पानावर तूप. कुणाच्याही घरी वाराच्या मुलाला कोरडं वाढत नव्हते, ते बरोबरच होतं. पण त्या दिवशी माझ्या पानावरचं तूप कमी व्हायचं, दादाच्या नाही. मी नऊ वर्षांची होते. मला ते कळत होतं.”

“आणि माई?”

“माई तर पानावरच नसायची. सगळ्यांचं झालं की ती बसायची आणि भांड्यात जे असेल ते. लोक म्हणतात त्याग. मला नाही वाटत ती त्याग करत होती. ती चिडायची. महिनाअखेरीला भांडी आपटायची. मोठ्या आईशी बोलायची नाही. मला तिची भीती वाटायची. भूक लागलेली बाई होती रे ती, दुसरं काय.”

हे वाक्य मी आहे तसं लिहितोय, कारण त्याला मऊ करणं मला बरोबर वाटत नाही. ज्या काटकसरीच्या गोष्टी आम्ही हसत हसत सांगतो, तिची किंमत घरात सारखी वाटली गेली नव्हती. सगळ्यात जास्त भार माईच्या पोटावर, मग मुलींच्या. पुरुषांच्या पानाला शेवटी शेवटी हात लागायचा. आणि ही वाटणी माईच्याच हाताने व्हायची. तिला तसंच शिकवलं होतं, सासूबाई समोर बसून बघत होत्या, हेही खरं. वहीत काय विकत आणलं ते आहे. कोण किती जेवलं ते नाही.

पण आत्याने वही मिटली नाही. तिने १९५९ ची वही मागितली. उजव्या बाजूला अगदी तळाशी दर महिन्याला एक ओळ आहे, ‘सटरफटर’. कधी रुपया, कधी दीड, एकदा तीन. मी ती ओळ पाहिली होती आणि सोडून दिली होती. सटरफटर म्हणजे सुया, दोरे, बांगड्या असं धरून.

“नानांनी पण तेच धरलं,” आत्या म्हणाली. “ते महिन्याला वही बघायचे. धान्याचे प्रश्न विचारायचे, दुधाचे विचारायचे. सटरफटर कधी विचारलं नाही. बायकांचं काहीतरी असेल.”

ते पैसे पोह्यांच्या डब्यात तळाशी, कागदाखाली जायचे. चार वर्षं गेले. आत्या मॅट्रिक झाली तेव्हा घरात ठरलं होतं की पुरे, आता स्थळं बघायची. नाना भोपाळला, पैशाची ओढ, दोन काका शिकतायत, मुलीच्या कॉलेजचा विषयच नव्हता. पहिल्या वर्षाच्या फीचे पैसे माईने काढून टेबलावर ठेवले. मोठी आई म्हणाली, हे कुठून आले? माई म्हणाली, “भाजीतून.”

नानांना रागवायला जागा नव्हती, कारण वही त्यांनीच दर महिन्याला तपासून खाली सही केली होती. सगळा हिशोब चोख होता. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच फी दिली. तेव्हा इंदूरची कॉलेजं उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाला जोडलेली होती. आत्या १९६२ मध्ये बी.ए. झाली, मग शिक्षिका. काकांची गिरणी पुढे बंद पडली तेव्हा त्यांच्या मुलांच्या फिया तिच्या पगारातून गेल्या. म्हणजे जिला चहापुरतं दूध मिळालं तिने दूध मिळालेल्यांचं घर सावरलं. हे मी आत्यासमोर बोललो तर म्हणाली, “असलं काही लिहू नकोस. मी काय हिशोब ठेवला नाही.” तरी लिहिलं. रागावेल.

मी तिला विचारलं, “मग तुझा माईवर राग आहे का?”

ती बराच वेळ वही चाळत राहिली. म्हणाली, “दूध तिनेच नाही दिलं आणि फीही तिनेच दिली. दोन्ही एकाच वहीतून. राग आहे आणि नाही पण.”

पुढच्या वह्यांत हळूहळू दिवस बदलतात. १९६३ ला नाना परत इंदूरच्या कचेरीत आले, ‘भोपाळ’ची रेघ संपली. १९७३-७४ ची महागाई वहीत स्पष्ट दिसते. तेलाच्या ओळीपुढे माईने पहिल्यांदाच उद्गारचिन्ह काढलंय. आई सून म्हणून आली ती ‘रुचिरा’ घेऊन, वाटी-चमच्याची मापं घेऊन. माई शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या तेलाची. त्याच दशकात माळव्यात सोयाबीन पसरू लागलं, आणि पुढे आमच्याकडे सोयाबीनचं तेल आलं. माईने वास घेऊन डबा बाजूला ठेवला होता म्हणे. पण स्वस्त पडतं हे कळल्यावर फोडणीला तेच, लोणच्याला मात्र नाही.

१९७८ च्या शेवटच्या वहीत शेवटच्या काही महिन्यांचं अक्षर आईचं आहे. माईला दिसेनासं झालं होतं. ती सांगायची, आई लिहायची. आणि आईने एक बदल केला. समासात ‘उ.’ नाही. आईला मी विचारलं तर म्हणाली, “मी त्यांना सांगितलं, माई, तुमचं पान आधी वाढणार आणि माझ्यासमोर जेवायचं, नाहीतर मी वही लिहिणार नाही. पहिले चार दिवस जेवल्या नाहीत. मग जेवल्या.”

आमच्या दोन मुली आज इंदूरबाहेर असतात. घरपोच किराणा मागवतात, महिनाअखेरीला अ‍ॅप उघडून खर्च बघतात आणि डोकं धरतात. त्यांना मी माईची महिन्याची तीन भागांची पद्धत सांगितली, पाटी सांगितली, भाव विचारायचा तर रोख घ्यावं हे सांगितलं. एकीने फ्रीजवर पाटी लावलीसुद्धा. पद्धत आजही चालते. अजूनही महिन्याला २१ तारीख येतेच. पण ते सांगताना मी सोबत ‘उ.’चीही गोष्ट सांगितली. घरखर्च कमी करायचा असेल तर तो सगळ्यांच्या पानातून सारखा कमी व्हावा, एवढं त्यांना कळावं म्हणून.

मंडळी, तुमच्याकडेही असतील अशा वह्या. ग्वाल्हेरला, वडोदऱ्याला, बेळगावला, हैदराबादला. आपली घरं राज्यं बदलूनही टिकली ती अशा रात्री लिहिलेल्या हिशोबांवर. रद्दीत देऊ नका. आणि वही वाचून झाली की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, की दूध कुणाला मिळायचं आणि शेवटी कोण बसायचं. वहीत ते सापडणार नाही. विचारायला फार उशीर करू नका.

आमची १९६७ ची वही अजून मिळालेली नाही. आत्या म्हणते, तिने ती स्वतःच उचलली होती, लग्नात सासरी जाताना. कुठे ठेवली ते आठवत नाही. मला वाटतं तिला चांगलं आठवतं.